कार ऑडिओ: एक सोलापुरी उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

गाडी जुनी हॅचबॅक, स्टिरिओ कंपनीचाच ठेवलाय. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (मोठा स्पीकर आणि उंच सुरांचा छोटा ट्वीटर वेगवेगळे) आणि सीटखाली चार चॅनेलचा क्लास डी ॲम्प, 4 ओहमला दर चॅनेल 50 वॅट आरएमएस, म्हणजे सतत चालणारी पॉवर. मागे कंपनीचेच स्पीकर राहू दिलेत. मागे बसून गाणी ऐकणारं आमच्याकडे कुणी नाही.

दुकानात पहिल्यांदा पुढे येतो तो खोक्यावरचा 350 वॅटचा आकडा. ‘साहेब, गड्ड्याच्या जत्रेत वाजवाल एवढा आवाज आहे,’ असंही ऐकलं. खोकं फिरवून बारीक अक्षरं वाचली तर आरएमएस निघालं 60. ॲम्प निवडायचा तो या आकड्यावरून. त्याच्या शेजारी सेन्सिटिव्हिटी असते, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते डेसिबलमध्ये; तिच्याकडे तर कुणी बघतच नाही. आवाज 3 डेसिबलने वाढवायला पॉवर दुप्पट लागते. म्हणजे 87 डेसिबलचा स्पीकर 100 वॅटवर जेवढा वाजतो, तेवढा 90चा 50 वॅटवरच वाजतो. त्यातही एक मेख आहे: आकडा 1 वॅटला मोजलाय की 2.83 व्होल्टला, हे बघा. 4 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॅट, त्यामुळे आकडा आपोआप 3ने फुगतो.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला? दारांच्या डॅम्पिंगने, म्हणजे पत्र्याची थरथर दाबण्याने. पत्र्यावर ब्यूटाइल रबराची शीट लावली, आतली मोठी भोकं बंद केली आणि तबला एकदम तबल्यासारखा वाजायला लागला. डांबराची शीट स्वस्त पडते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 वर जातो. बंद गाडीत ती मऊ पडते, वास मारते. मी तरी घेणार नाही.

वायरिंग किटमधली वायर ब्लेडने खरवडून बघितली. वरून तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम! परत दिली आणि अस्सल तांब्याची 8 गेज जाडीची घेतली. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच हवा. फिटरने अर्थिंग रंग लावलेल्या बोल्टवर मारलं होतं. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईई’ चढायची. रंग घासून उघड्या पत्र्यावर वायर कसल्यावर ती बंद झाली.

एक तक्रार आहेच. उन्हात उभी केलेली गाडी काढून लगेच मोठ्याने लावलं की उन्हाळ्यात ॲम्प बंद पडायचा. ॲम्प कार्पेटवर चिकटून बसला होता, खाली हवाच नव्हती. चारही कोपऱ्यांना रबरी ठोकळे देऊन वर उचलला, तेव्हापासून बंद पडलेला नाही. तरी काचा खाली करून पाच मिनिटं गरम हवा जाऊ देतोच.

पुढच्या स्पीकरना हाय पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) 80 हर्ट्झवर ठेवलाय. त्याच्या खालचं काम साडेसहा इंचाकडून करून घेण्यात अर्थ नाही. ॲम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो, हे फिटर लोकांना सांगून मी थकलो. तो पूर्ण फिरवला की आवाज फाटतो, आणि आधी जातो तो ट्वीटर.

पुणे हायवेला शंभरच्या वेगात टायरचा आवाज खालचे सूर खातो, तेवढ्यापुरता सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) हवासा वाटतो. पण डिकी पंढरपूर-अक्कलकोटच्या सामानाला लागते. तेव्हा सीटखाली मावणारा चपटा सब मिळाला तर बघू, आणि तोही ड्रायव्हर सीटखालीच, कारण दुसरी सीट ॲम्पने अडवलीय.