क्रोशे शिकावं की सुयांवरचं विणकाम?

हाताला चाळा आणि डोक्याला विसावा हवा म्हणून लोकर घ्यायचं ठरलंय, पण क्रोशाची एक सुई घ्यावी की विणायच्या दोन, इथे अडलंय? मी वर्षभर दोन सुयांवर विणलं, मग क्रोशाकडे वळलो.

अंगावर घालायचं काही विणायचं असेल, तर दोन सुयांना तोड नाही. सुलट-उलट टाक्यांचं कापड मऊ पडतं, ताणलं जातं. क्रोशाची वीण जाडसर होते आणि माझ्या हाताला तरी लोकरही जास्त लागते.

माझं मन फिरलं ते सुटलेल्या टाक्यामुळे. सुईवर सगळेच टाके उघडे असतात. मफलरचे 40 टाके सुईवर असताना दाराची बेल वाजली, ओळ अर्धी टाकून उठलो. येऊन बघतो तर टोकाचे दोन-तीन टाके घसरलेले, आणि त्यातला एक पाच ओळी खालपर्यंत उसवत गेलेला. मधे नुसते आडवे धागे, शिडीसारखे. दिवसभराच्या कामानंतर निवांत बसावं आणि श्वास रोखून ही शिडी चढावी लागावी, हे मला फार लागलं. तो टाका वर आणायला क्रोशाची सुईच घेतली होती. ती पुन्हा खाली ठेवावीशी वाटली नाही.

क्रोशात एका वेळी एकच लूप उघडा असतो. उठायचं झालं की तो जरा लांब ओढून ठेवायचा. चुकलं तर चुकीपर्यंत उसवायचं, सुई परत लुपात घालायची आणि पुढे चालू.

क्रोशालाही त्रास आहेच. नवशिक्याकडून ओळीचा शेवटचा टाका हमखास राहतो आणि चौकोनाचा त्रिकोण होत जातो. म्हणून सुरुवातीला प्रत्येक ओळ मोजा. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि 5 मिमीची सुई घ्या. काळ्या लोकरीत टाका दिसतच नाही. इंग्रजी नमुना असेल तर तो अमेरिकी की ब्रिटिश, हे आधी पाहा: अमेरिकी 'सिंगल क्रोशे' म्हणजेच ब्रिटिश 'डबल क्रोशे', आपला मुका खांब, क्रोशातला साधा, आखूड टाका.

तुमचा हात कदाचित सुयांवरच रमेल. पण संध्याकाळचा अर्धाच तास मिळत असेल, तोही तुकड्यातुकड्यांनी, तर मी क्रोशाची सुई घ्या म्हणेन. पहिले आठ दिवस फक्त साखळी आणि मुका खांब.