मेटोप्रोलॉलचे दहा महिने

गेल्या वर्षी मृगाच्या पेरणीत वावरातून परतताना छातीत अशी धडधड सुरू झाली, की धुऱ्यावरच बसावे लागले. तालुक्याच्या दवाखान्यातील ईसीजीत ठोके मिनिटाला १४८ आणि पूर्णपणे अनियमित निघाले. निदान झाले एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरण्याचे. थायरॉईडची तपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्यावर मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५ मिलिग्रॅम सुरू झाली, महिन्याभराने ५० झाली.

या गोळीने ठोके नियमित होतील, असे मी धरून चाललो होतो. ते झाले नाहीत. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे. तो हृदयावरचा अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम अडवतो आणि वरच्या कप्प्यांतून खाली येणारे विद्युत संदेश एव्ही नोडपाशी, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या नाक्यावर, रोखून धरतो. वर चाललेली थरथर मात्र तशीच राहू शकते. माझ्या मनगटावर आजही दोन ठोके लागोपाठ येतात, मग खंड पडतो, मग एकदम तीन. पण मोजणी ७० ते ८० च्या घरात असते आणि विहिरीपर्यंत चालत जाताना धाप लागत नाही. अशा नाडीत पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून पूर्ण मिनिट मोजतो. तरीही एकदा मनगटावर माझे ८८ भरले, तेव्हा डॉक्टरांना स्टेथोस्कोपने ९६ ऐकू आले. काही दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत.

पहिले तीन आठवडे अंगात जीव नसल्यासारखे वाटे. पौषाच्या थंडीत बोटे गार पडत. चैत्रात बाजेवरून झटकन उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब उतरलेला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. कपाशीची फवारणी आता मुलगाच करतो, कारण काही कीटकनाशकांच्या विषबाधेत नाडी मंदावते आणि माझी तर आधीच मंदावलेली आहे.

खरी चूक पोळ्याच्या आठवड्यात झाली. नाल्याला पूर होता, पाकीट संपले होते आणि दोन दिवसांनी काय बिघडते, असे मी म्हटले. दुसऱ्या रात्री नाडी १३० वर गेली. हे औषध अचानक बंद केले, की दाबलेली गती उसळून येऊ शकते आणि हृदयविकार असलेल्याला ते धोक्याचे असते, हे मला आधी सांगितलेले होते. ऐकले नव्हते एवढेच. आता पंधरा दिवसांचा साठा डब्यात असतो. पाकीटही नीट वाचतो, कारण एकदा दुकानातून सक्सिनेटऐवजी मेटोप्रोलॉलचाच दुसरा प्रकार, टार्ट्रेट, हाती आली होती. दोन्हींवर ५० च लिहिलेले असते, पण टार्ट्रेटचा असर लवकर ओसरतो. सक्सिनेट हळूहळू सुटणारी असल्याने ती चावायची किंवा कुटायची नसते.

या गोळीने रक्ताची गुठळी टळत नाही. लकव्याचा धोका कमी व्हावा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मला वेगळी आहे, आणि तीही मी चुकवत नाही.

शेजारचे काकाजी परवा म्हणाले, "मलेबी एखांदी देऊन पाहा ना, गुर्जी, माही छाती बी धडधडते." त्यांना दमा आहे आणि बीटा ब्लॉकरने श्वासनलिका आवळू शकते, म्हणून मी साफ नकार दिला. शिवाय त्यांना साखरेचीही गोळी आहे, आणि साखर खाली गेल्यावर होणारी धडधड या औषधामुळे लपते. घाम तेवढा सुटतो. काकाजी थोडे रुसले. येत्या बाजाराच्या दिवशी त्यांना ईसीजीसाठी घेऊन जायचे ठरले आहे.