हँडल कव्हर: 280 रुपयांत पहाटेची सोय

थंडीत हातांसाठी गाडीच्या हँडलला बांधायचं कव्हर घ्यावं का, असं पहिल्या पाळीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

चांदोरीहून सातपूर एमआयडीसीत सातच्या पाळीला पोचायचं तर साडेपाचलाच किक मारावी लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा 5-6 अंशांवर येतो, तेव्हाचं बोलतोय. गाडी ताशी 50 ने चालली की 5 अंशांची हवा उघड्या कातडीला उणे 1 सारखी झोंबते. वर गोदाकाठची धुई. ओढा गाव येईस्तोवर बोटं अशी आखडायची की क्लच सोडताना गाडी गचके खायची.

लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो. जाड लेदरचे घातले तर इंडिकेटरचं बटण बोटाला कळत नाही, आणि घट्ट असतील तर उलट जास्त गारठायला होतं, कारण आत हवाही राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही.

हे कव्हर मोज्यांसारखं हातात घालायचं नसतं, हँडललाच बांधायचं असतं. बाहेरून रेक्झिन, आत केसाळ अस्तर, आतल्या बाजूला नाडी आणि आरशाच्या दांडीसाठी खाच. हात आत सरकवला की बोटांवरचा वारा बंद. आत साधे सुती मोजे पुरतात, त्यामुळे लिव्हर आणि बटणं बोटांना नीट कळतात. दुकानदाराने साडेतीनशे सांगितले, 280 ला दिलं.

आता खोड. कापड ढिलं आहे, वेग वाढला की वाऱ्याने मागे दबतं आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला रेटतं. मागचा लाल दिवा पेटलेलाच राहतो, मागच्याला वाटतं हा सारखा ब्रेक मारतोय! नाडी घट्ट आवळून उपयोग नाही. लिव्हरच्या टोकापुढे कापडात जाड पुठ्ठा किंवा पाइपचा तुकडा घालून ते ताठ करावं लागतं. कंपनीने हे शिवतानाच करायला हवं होतं. हात झटकन बाहेर काढून पुन्हा आत घालायची सवय आधी घराजवळ करा, थेट हायवेवर नको. पावसात मात्र अस्तर भिजलं की दोन दिवस वाळत नाही.

गरम होणाऱ्या ग्रिपचंही कोणी कोणी सुचवतं. दोन्ही ग्रिपना मिळून साधारण 30-40 वॅट लागतात, आणि जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइटच 35 वॅटचा, म्हणजे जवळपास आणखी एका हेडलाइटइतका भार. शिवाय तळवे शेकतात, बोटांची वरची बाजू वाऱ्यातच. मोठ्या गाडीला ठीक, आपल्याला नको.

आणि छाती उघडी टाकून नुसते हात झाकू नका. अंग गारठलं की शरीर आधी बोटांचंच रक्त कमी करतं. जर्किनच्या आत छातीशी वर्तमानपत्र धरायची आपली जुनी युक्ती अजून चालते.

स्कूटरला माप वेगळं लागतं, गाडी दुकानात नेऊनच घाला. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, तो पुठ्ठा आधीच असता तर चार दिले असते.