‘हेक्सेन’ : ओळखीच्या दारातून पहिल्यांदाच आत

‘हेक्सेन: बियाँड हेरेटिक’ हा संगणकावरील खेळ आपल्याला चांगला ठाऊक आहे, असा माझा अनेक वर्षांचा समज होता. शाळकरी वयात मी तो कितीतरी वेळा सुरू केला आणि प्रत्येक वेळी ‘सेव्हन पोर्टल्स’ या लेव्हलमध्ये अडकून सोडून दिला. काही महिन्यांनी चूक विसरली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. त्यामुळे पहिल्या तासाभरातील दगडन्‌दगड पाठ आणि त्यापुढचे सगळे ऐकीव, अशी माझी अवस्था होती. या वेळी खेळ प्रथमच शेवटपर्यंत नेला. ‘डूम’ हा नेमबाजीचा गाजलेला खेळ; ज्याला मी इतकी वर्षे ‘तलवारी आणि जादू असलेला डूम’ म्हणत आलो, तो मुळात वेगळ्याच जातीचा खेळ निघाला.

1995 साली रेव्हन सॉफ्टवेअरने तो तयार केला, आयडी सॉफ्टवेअरने प्रकाशित केला आणि त्याचा निर्माता जॉन रोमेरो होता. खाली इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम, ‘डूम’चेच, पण रेव्हनच्या मंडळींनी ते इतके ताणले की मूळ ओळखू येऊ नये. येथे उडी मारता येते, दारे वर सरकण्याऐवजी बिजागरीवर उघडतात, जमीन हादरते, धुके दाटते. पहिल्याच लेव्हलमध्ये झाडांची पाने उडत असतात, रंगीत काचांच्या खिडक्या फोडता येतात आणि एका घंटेवर प्रहार केल्यावर पुढची वाट मोकळी होते. आधीच्या वर्षीच्या ‘हेरेटिक’मध्ये याच मंडळींचा खोडकरपणा दिसला होता, तेथे ‘डूम’मधील अमरत्वाचा चोरटा संकेत टाइप केला की खेळाडू जागच्या जागी मरतो. ‘हेक्सेन’मध्ये तो खोडकरपणा विनोदातून निघून थेट वास्तूंच्या रचनेत शिरला आहे.

त्या रचनेचे नाव हब. त्या काळच्या बहुतेक शूटरमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या खेळांत, लेव्हल संपली की ती कायमची मागे पडत असे. येथे अनेक लेव्हल एका मध्यवर्ती लेव्हलभोवती गुंफलेल्या असतात, त्यांत हवे तितक्या वेळा ये-जा करता येते आणि तुम्ही जे फोडले, उघडले किंवा मारले ते परत आल्यावर तसेच असते. असे 5 हब आहेत. एका लेव्हलमध्ये कळ दाबली की तिचा परिणाम दुसऱ्याच लेव्हलमध्ये होतो आणि पडद्यावर फक्त एक ओळ उमटते, की अमुक ठिकाणी दार उघडले किंवा कोड्याचा अमुक हिस्सा सुटला. नेमके कोणते दार, हे खेळ सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी तुमच्या आठवणीवर आहे, कारण बंद दार तुम्ही तासाभरापूर्वी पाहिलेले असते, फक्त पाहताना लक्षात ठेवलेले नसते.

लहानपणी मी अडकत होतो तो येथेच. तेव्हा मी नेमबाजीचा खेळ खेळत होतो आणि शत्रू संपले की लेव्हलही संपली असे धरून चाललो होतो. आता भिंतींकडे पाहत चाललो. शत्रू मेल्यानंतर दालन शांत झाले की खरा खेळ सुरू होतो, हे एकदा उमगल्यावर ‘सेव्हन पोर्टल्स’ आणि त्याला जोडलेल्या हिम, अग्नी व पोलाद यांच्या रक्षकांच्या लेव्हल पछाडल्यासारख्या वाटेनाशा झाल्या. आपण राहत असलेल्या वाड्यातील कोणत्या खोलीची कडी सैल आहे हे जसे माहीत असते, तशा त्या माहीत झाल्या.

तरीही या खेळाची बदनामी अगदीच निराधार नाही. दुसऱ्या हबमध्ये, ‘शॅडो वूड’च्या परिसरात, दलदल आणि गुहांचे एकसारखे कोपरे इतके आहेत की लक्षात ठेवायला खूणच सापडत नाही, आणि स्मरणशक्तीची परीक्षा घेणाऱ्या खेळाने लक्षात राहील असे काही दाखवूच नये, हा सरळ रचनेचा दोष आहे. त्यातच काही लेव्हलमध्ये एटिन नावाचे दोन डोक्यांचे राक्षस ठरावीक काळाने पुन्हा उगवत राहतात. ओसाड वास्तूत जाग राहावी हा हेतू समजतो. मात्र विसरलेली कळ शोधत पाचव्यांदा त्याच पुलावरून जाताना पाचव्यांदा तोच एटिन मारावा लागणे, यात भीती नसते आणि आव्हानही नसते, असते ती केवळ वेठबिगारी.

खेळ तीन पात्रांपैकी एक निवडायला सांगतो: योद्धा बॅरेटस, धर्मगुरू पॅरिअस आणि जादूगार डेडोलॉन. प्रत्येकाकडे चारच शस्त्रे. त्यांतील चौथे तीन तुकड्यांत विखुरलेले, ते शोधून जोडावे लागते. बंदुकीच्या गोळ्यांऐवजी निळा आणि हिरवा असा दोन रंगांचा माना, म्हणजे जादूची ऊर्जा, लागतो. मी योद्धा निवडला, आणि या निवडीने माझा पूर्ण अनुभव ठरवला. त्याचे काटेरी पंजे माना खात नाहीत, सलग काही ठोसे बसले की पुढचा ठोसा शत्रूला मागे फेकतो आणि त्याच्या पायांना वेगही सर्वाधिक आहे. ढाल उचलून उभ्या राहणाऱ्या सेंटॉरवर, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा घोडा अशा शत्रूंवर, दुरून मारा करणे व्यर्थ असते, कारण ते जादूचा मारा परतवतात; त्यांच्या भोवती फिरत, ढाल खाली येण्याची वाट पाहत, योग्य क्षणी आत शिरावे लागते. इतका देहबोलीशी बांधलेला नेमबाजीचा खेळ मी क्वचितच पाहिला आहे.

जादूगाराच्या वाट्याला याच्या नेमकी उलट गोष्ट येते. त्याची नीलमण्याची कांडी फुकट चालते, पण चिलखत पातळ आणि चाल मंद, म्हणून सुरुवातीच्या लेव्हलमध्ये तो सतत माघार घेत असतो. धर्मगुरूची मजा उशिरा सुरू होते. त्याच्या चौथ्या शस्त्रातून, ‘रेथव्हर्ज’मधून, सुटलेले किंचाळते आत्मे स्वतःच शत्रू शोधत दालनभर फिरतात, तेव्हा खेळणाऱ्याने फक्त बाजूला उभे राहायचे असते. सोबत वापरायच्या वस्तूंमध्येही हा भेद पाळला आहे: फ्लेशेट नावाची एकच कुपी, पण योद्धा ती फेकतो, धर्मगुरू तिच्यातून विषारी धूर सोडतो आणि जादूगार तिचा सुरुंग मागे ठेवून निघून जातो. हातघाईच्या वेळी अशा वस्तूंची लांबलचक पट्टी एकेक करत सरकवावी लागणे मात्र त्रासाचे आहे. शत्रूला डुक्कर बनवणारे अस्त्र शोधेपर्यंत बहुतेक वेळा आपलाच निकाल लागलेला असतो.

2025 मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओजने ‘हेरेटिक’ आणि ‘हेक्सेन’ एकत्र करून नव्या यंत्रांसाठी आणले, आणि मी खेळलो ती हीच आवृत्ती. नकाशावर पुढच्या ठिकाणाच्या खुणा आता मिळतात. पहिल्या हबमध्ये मी त्यांच्याकडे हट्टाने दुर्लक्ष केले आणि दलदलीत शिरल्यावर निमूटपणे त्यांचा आधार घेतला. नवख्यालाही मी हाच क्रम सुचवेन. पहिल्यापासूनच खुणांमागे धावले, तर वास्तू वाचण्याची सवय लागत नाही आणि हाती उरते ती साधी मारामारी, जी या इंजिनावरील इतर खेळांत अधिक चपळ आहे.

पाचव्या हबमधील स्मशाननगरी हा खेळाचा सर्वोत्तम भाग आहे आणि तो पाहण्याआधीच मी दरवेळी मागे फिरलो होतो, याची आता चुटपुट लागते. तेथील थडग्यांमध्ये योद्धे, धर्मगुरू आणि जादूगार या तिन्ही पंथांचे भ्रष्ट झालेले प्रमुख तुमची वाट पाहत असतात आणि त्यांच्या हाती त्या-त्या पंथाचीच शस्त्रे असतात. योद्ध्यांचा प्रमुख झेडेक समोर आला, तेव्हा तुकडे जोडून मिळवलेल्या ज्या तलवारीच्या भरवशावर मी इतका वेळ होतो तिचा हिरवा मारा प्रथमच माझ्या दिशेने आला आणि पहिल्या दोन खेपांना मला तो चुकवता आला नाही. त्यानंतरचा कोरॅक्स, म्हणजे खेळातील शेवटचा मुख्य शत्रू, ज्याचा टोमणे मारणारा आवाज अधूनमधून ऐकू येत होता, तुलनेने लवकर पडला.