पहिली जुनी जर्मन गाडी : बीटल घ्यावी की मर्सिडीज १२३?

श्टुटगार्ट परिसरातल्या आपल्या मंडळींपैकी दरवर्षी दोघे-तिघे तरी मला हे विचारतात. नोकरी गाड्यांच्या कंपनीत, पण दिवस सगळा कॉम्प्युटरसमोर. हाताला ग्रीस लागून वर्षं लोटलेली. मग ऑक्टोबरात मानहाइमच्या ‘व्हेटेरामा’ बाजारात एक चक्कर होते, जुने कार्ब्युरेटर आणि हेडलाइटच्या रिंगा बघून डोकं फिरतं, आणि सोमवारी फोन येतो, ‘दादा, एखादी जुनी गाडी घेऊन गॅरेजमध्ये स्वतःच दुरुस्त करायचीय. बीटल बघू की ती टॅक्सीवाली मर्सिडीज?’

माझ्याकडे दोन्ही झाल्या. १९७२ ची बीटल १३०० सहा वर्षं होती, १९८२ ची मर्सिडीज २४० डी, म्हणजे १२३ मालिकेतली डिझेल, अजून आहे. एकाच भाड्याच्या गॅरेजमध्ये, एकीनंतर दुसरी. त्यामुळे मी उलट विचारतो, वेल्डिंग येतं का? आणि करायला जागा आहे का? समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याला इंजिनाबद्दल बोलायचं असतं.

आधी जागेचं बघू. इथलं ओळीतलं तयार गॅरेज बाहेरून साधारण सहा मीटर बाय तीन मीटर. बीटल ४.०३ मीटर लांब आणि १.५५ रुंद. ती आत घातली तरी मागे टेबल मावतं, शेगडीसारखा छोटा हीटर मावतो, बाजूने माणूस सरळ चालतो. १२३ आहे ४.७२ लांब आणि जवळजवळ १.७९ रुंद. दार उघडून आडवं होऊन बाहेर यावं लागतं, आणि चाक काढायचं म्हटलं की गाडी आधी अर्धी बाहेर ढकलायची. नोव्हेंबरच्या पावसात हे मी बऱ्याचदा केलंय.

शिवाय भाड्याचं गॅरेज कागदोपत्री गाडी उभी करण्यासाठी असतं, वर्कशॉप म्हणून नाही. चाक बदललं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले तर घरमालक डोळेझाक करतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या की करत नाही. रविवारी आवाज करायचा नाही. उघड्या जमिनीवर ऑईल बदलायचं नाही. जुनं ऑईल मात्र, जिथून नवं घेतलं त्या दुकानाला तेवढंच परत घ्यावं लागतं, बिल जपून ठेवा. खालचं मोठं काम असलं तर मी तासाच्या भाड्याने लिफ्ट देणाऱ्या वर्कशॉपमध्ये जातो. गॅरेजात लिफ्ट बसवायची स्वप्नं सोडून द्या, छताची उंची पुरत नाही.

आता इंजिन. इथे बीटलच्या जवळ कोणी येत नाही.

रेडिएटर नाही, पाणी नाही. डायनामोच्या शाफ्टवरच पंखा, तो हवा ढकलतो आणि इंजिन थंड राहतं. इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी धरलेलं, नट १७ च्या पान्याचे. बॅटरी सोडायची, वायरी आणि केबल काढायच्या, पेट्रोलची नळी चिमटवायची, खाली ट्रॉली जॅक लावायचा, चार नट सोडून इंजिन मागे ओढायचं आणि खाली उतरवायचं. वजन शंभर किलोच्या आसपास. पहिल्यांदा मला अख्खा शनिवार गेला. चौथ्यांदा जेवायच्या आधी इंजिन जमिनीवर होतं, आणि मदतीला फक्त बारा वर्षांचा मुलगा.

टॅपेट सेट करणं तर मला आजही आठवतं. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, म्हणजे सकाळी सातला गाडीखाली पाठ टेकायची. रॉकर कव्हरवर तारेची एकच क्लिप असते. स्क्रूड्रायव्हरने ती खाली ओढली की कव्हर हातात येतं आणि आतलं उरलेलं ऑईल मनगटावरून थेट बाहीत शिरतं. फिलर गेजची ०.१५ मिमीची पात आत सरकवायची. ती ओढली तर आली पाहिजे, पण थोडी कुरकुरत. आठ व्हॉल्व्ह, अर्धा तास. अडीच लिटर ऑईल, कागदी फिल्टर नाहीच, नुसती जाळी; तीही त्याच बैठकीत धुवायची. एक सांगून ठेवतो : जुन्या इंजिनांत ऑईल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्यात आडवा येतो, त्यामुळे तो सिलिंडर जास्त तापतो. घेताना कॉम्प्रेशन मोजायला लावलंत तर तिसऱ्याचा आकडा नीट बघा. आणि पंख्याचा पट्टा तुटला तर ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही, जागीच थांबायचं.

धोकाही इथेच आहे. पेट्रोलच्या जुन्या कापडी नळ्या वाळून चिरतात, खाली तापलेलं इंजिन, आणि त्याचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. ते पेटलं की विझवणं अवघड. बीटल घरी आणल्यावर सगळ्या नळ्या आणि क्लॅम्प पहिल्याच दिवशी बदला.

१२३ चं डिझेल इंजिन म्हणजे अगदी उलटा स्वभाव. तिथे शिकायला काही मिळत नाही असं नाही, पण ते तुम्हाला बोलावतच नाही. पॉइंट नाहीत, प्लगची ठिणगी नाही, कार्ब्युरेटर नाही. टॅपेट आहेत, ठरावीक अंतर झालं की सेट करायचे, इनटेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.३०, आणि त्यासाठी १४ चे दोन वाकडे पाने लागतात. ते पाने आधी मागवा, साध्या पान्याने झटापट करून मी बोटाची सालटी काढून घेतली होती. डिझेलची टाकी रिकामी झाली तर हातपंपाने हवा काढायची. इंजेक्शन पंपाला मात्र स्वतः हात लावू नका, तो बॉशच्या जाणकाराकडेच द्यावा. उरतात हीटर प्लग, फिल्टर, रबरी होज. इंजिन बाहेर काढायची वेळ सहसा येत नाही. आलीच तर क्रेन लागते, कारण वजन बीटलच्या दुपटीच्या घरात.

याच इंजिनाशी आपलं जुनं नातं आहे. २४० डी मधलं ओएम ६१६ हे इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, परवान्यावर बनवलं; ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये त्याच घराण्यातली इंजिनं होती. मी पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा व्हिडिओ कॉलवर वडील होते. आयुष्य कराड-पाटण रस्त्यावर गेलेलं. चित्र नीट दिसायच्या आधीच म्हणाले, ‘अरे, हे तर आपलं वडाप!’ सात समुद्र ओलांडून मर्सिडीज घेतली, आणि ती निघाली वडाप. आईला अजून पटलेलं नाही.

वेगाची अपेक्षा ठेवू नका. ७२ हॉर्सपॉवरमध्ये जवळपास १,४०० किलो ओढायचे. शंभर गाठायला वीस सेकंदांच्या वर लागतात. बीटल ४४ हॉर्सपॉवरची, पण ८२० किलोची, त्यामुळे गावात तीच चपळ वाटते.

१२३ चा खरा खोडसाळपणा आहे व्हॅक्यूममध्ये, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यात. दारांची कुलपं व्हॅक्यूमवर, इंजिन बंद होतं तेही व्हॅक्यूमवर. कुठेतरी एक रबरी जोड चिरला की किल्ली काढली तरी इंजिन चालूच. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलसमोर माझ्या हातात किल्ली आणि गाडी आपली टकटकतेय. नऊवारीतल्या काकू बाजूला उभ्या राहून सल्ले देतायत. बॉनेट उघडून पंपाजवळचा ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा दाबला तेव्हा कुठे शांतता झाली. दोष शोधायला पुढचे तीन शनिवार गेले. सापडला मागच्या दाराच्या कुलपात.

इतकं इंजिनपुराण झालं, पण निर्णय पत्र्यावर होतो.

बीटल चेसिसच्या तळावर बोल्टने बसवलेली असते. मडगार्ड चारही बोल्टने सुटतात. ऐकायला छान. प्रत्यक्षात तळ आणि बॉडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जे पोकळ हीटर चॅनल असतात, ते आतून कुजतात. इंजिनाची गरम हवा त्यातून केबिनमध्ये येते, तिच्याबरोबर ओलावाही. ते बदलायचे म्हणजे बॉडी उचलायची, ती वाकू नये म्हणून आत आधाराच्या पट्ट्या मारायच्या, मग कापायचं, मग वेल्डिंग. पंधरा-वीस मिनिटं बॉडी उचलायला सहा मित्र जमतात. पुढचे आठ महिने ती कुठे ठेवायची याची सोय जमत नाही. माझी बीटल मी शेवटी यामुळेच विकली. पत्रे विकत मिळतात, भरपूर मिळतात, पण स्वस्तातले पातळ असतात आणि कडा जुळत नाहीत. इंजिनाच्या कामात जी चूक होते ती पुन्हा उघडून सुधारता येते, चॅनल तिरका बसला तर पुढे दार कधीच नीट लागत नाही.

१२३ ला वेगळी चेसिस नाही, बॉडी सलग. पुढचे मडगार्ड बोल्टवर, मागचे वेल्ड केलेले. गंज धरतो तो जॅक लावायच्या खोबणीत, दारांखालच्या पट्टीत, मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात आणि बॅटरीखाली. जॅकची खोबण कुजलेली असेल तर जॅक वर जातो आणि गाडी तिथेच राहते, हा अनुभव गाडीखाली असताना घेऊ नये. स्टँड दोन्ही गाड्यांना, नेहमी. आणि जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, हवेने फुंकून साफ करू नका.

फरक असा, की १९७५ ते १९८६ मध्ये जवळपास २७ लाख १२३ बनल्या, आणि त्यातल्या काही आजोबांनी रविवारी फिरवून, हिवाळ्यात झाकून ठेवलेल्या आजही सापडतात. जास्त पैसे मोजून चांगल्या पत्र्याची घेतलीत तर वेल्डिंग टाळता येतं. बीटलमध्ये असं फार कमी वेळा होतं. जर्मनीत बंद छताच्या बीटलचं उत्पादन १९७८ च्या जानेवारीत एम्डेनला संपलं, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीही तुमच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठी. जी चकचकीत दिसते तिच्यात बहुधा पुट्टी असते.

श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात थेस्सालोनिकीची एक टॅक्सी आहे. २४० डीच, पण १२३ च्या आधीच्या पिढीतली. ४६ लाख किलोमीटर धावली. लोक तिच्यापुढे उभे राहून इंजिनाचं कौतुक करतात. इंजिनं तिची बदलत गेली. मला नवल वाटतं ते पत्र्याचं, आणि त्याचं श्रेय बहुधा तिथल्या हिवाळ्याला, जिथे जर्मनीतल्यासारखं रस्त्यावर महिनोन् महिने मीठ पडत नाही.

कागदपत्रांत दोघी सारख्याच. ३० वर्षं पूर्ण, गाडी मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत, असा दाखला मिळाला की नंबराच्या शेवटी ‘एच’ लागतं आणि कर वर्षाला १९१ युरो ७३ सेंट, इंजिन कितीही मोठं असो. एच नसेल तर २४० डीला साधारण ९०० युरो, बीटल १३०० ला ३३० च्या आसपास. म्हणजे डिझेलला एच मिळणं ही चैन नाही, गरज आहे. शिवाय त्याच्या जोरावर ती शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रातही, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या भागातही, जाऊ शकते. भार पेलणाऱ्या भागावर गंज झाकून ठेवला असेल तर तपासनीस हातोडीने ठोकून काढतोच.

सुटे भाग दोघींचे मिळतात. बीटलचे स्वस्त, जगभरातून, दर्जा नशिबावर. १२३ चे महाग. पण फेलबाखला मर्सिडीजचं स्वतःचं क्लासिक सेंटर आहे आणि बऱ्याच वस्तू अजून मूळ मिळतात.

बीएमडब्ल्यू २००२ बद्दलही विचारतात. चालवायला या दोघींपेक्षा मजेची, यात वाद नाही. पण किमती इतक्या वर गेल्यात, की हातून चूक झाली तर रात्री झोप लागणार नाही. पहिली म्हणून नको. १२३ मधली स्टेशन वॅगनही पहिली नको. मागचं सस्पेन्शन तेलावर उंची राखतं, आणि ते गळायला लागलं की खर्च सुरू.

माझं मत विचाराल तर : भाड्याचं एकच गॅरेज, लहान मुलं, वेल्डिंग नाही, तर १२३, साधी २०० डी किंवा २४० डी, हातगिअरची, पैसे सगळे पत्र्यावर घालून. ती शनिवारी दुरुस्त होते आणि रविवारी सगळ्यांना घेऊन ब्लॅक फॉरेस्टला जाते. गावाकडे कुणाचं धान्याचं रिकामं कोठार मिळत असेल, वेल्डिंग शिकायची हौस असेल आणि गाडी तीन वर्षं रस्त्यावर आली नाही तरी घरात कुणी बोलणार नसेल, तर बीटल. इंजिन शिकायचं असेल तरीही बीटल. मी अजून एखादं सुटं इंजिन आणून टेबलावर खोलावं म्हणतो, गाडीशिवाय.

बघायला जाताना चुंबक, टॉर्च आणि बोथट स्क्रूड्रायव्हर न्या. १२३ मध्ये चालकाच्या पायाखालचं कार्पेट उचला आणि खालचा फोम दाबा. ओला लागला तर वरून पाणी कुठून येतंय ते आधी शोधायचं. बीटलमध्ये मागचं सीट उचलायला लावा. उजव्या बाजूला बॅटरी असते, तिच्याखालचा तळ आम्लाने सगळ्यात आधी जातो. बॅटरीवर झाकण आहे का तेही तिथेच बघा. ते नसताना मागे दोन धिप्पाड माणसं बसली की सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकतात आणि धूर निघतो. माझ्या बीटलला झाकण नव्हतं. आधीच्या मालकाने तिथे दुमडलेलं वर्तमानपत्र ठेवलं होतं.