आठ महिने, एकच प्लेट : ह्यूस्टनमध्ये चांगलं टेक्स-मेक्स शोधताना

गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीने ह्यूस्टनला पाठवलं. पहिल्याच आठवड्यात फोनवर ‘बेस्ट टेक्स-मेक्स’ (टेक्ससमधल्या मेक्सिकन कुटुंबांचं जेवण) टाकलं आणि यादीत वर आलेली पाच हॉटेलं एकेक करून पालथी घातली. पाचही ठिकाणी पोट भरलं, पण महिन्याभराने कुठे काय खाल्लं ते आठवेना. सगळीकडे तेच रंगीत दिवे, तीच मार्गारिटा, तोच चुरचुरत येणारा तवा.

ऑफिसातला एक सहकारी लारेडोत, अगदी मेक्सिकोच्या सीमेवर वाढलेला आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “सगळीकडे एकच गोष्ट मागव. चीज एन्चिलाडाची प्लेट, सोबत भात आणि बीन्स. त्यात लपवायला जागाच नसते.” तेव्हापासून आजपर्यंत सव्वीस ठिकाणी मी तीच प्लेट खाल्ली आहे. काही ठिकाणी दोनदा, दोन ठिकाणी महिन्यातून एकदा तरी.

ही प्लेट म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी परीक्षा तिच्यातच आहे. मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या, गरम तेलातून काढून मऊ करायच्या, त्यात पिवळं चीज आणि बारीक चिरलेला कांदा भरून गुंडाळायच्या, वर चिली ग्रेव्ही ओतायची, पुन्हा चीज, आणि प्लेटसकट भट्टीत. प्लेट इतकी तापलेली येते की वेटर फडक्याने धरून ठेवतो आणि ‘हात लावू नका’ असं बजावतो. यातली ग्रेव्ही हा टेक्ससचा स्वतःचा शोध. मेक्सिकोत सुक्या मिरच्या भिजवून, वाटून सॉस करतात. इथे मैदा चरबीवर खमंग परततात, त्यात मिरचीची पूड, जिरं, लसूण आणि बीफचं नाहीतर कोंबडीचं पाणी घालतात. जिरं तर इतकं, की पहिल्या दिवशी दार उघडताच मला आपल्या फोडणीची आठवण झाली. चांगल्या ग्रेव्हीचा रंग गडद तपकिरी असतो, ती चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरते आणि मागाहून जिभेवर किंचित कडवटपणा ठेवते. वाईट ग्रेव्ही गार झाली की साय धरते आणि तिला नुसतं मीठ लागतं.

ज्यांना हे ‘खरं मेक्सिकन नाही’ म्हणून नाक मुरडायचं असतं, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. पिवळं चीज, बीफ, गव्हाच्या टॉर्टिया, जिरं हे सगळं टेक्ससमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मेक्सिकन कुटुंबांनी हाताशी असलेल्या मालातून उभं केलेलं जेवण आहे. फहिताचंच घ्या. स्पॅनिशमध्ये फाहा म्हणजे पट्टा. गुरांच्या कुरणांवर राबणाऱ्या व्हाकेरोंच्या, म्हणजे गुराख्यांच्या, वाट्याला जनावराचे कमी भावाचे भाग यायचे, त्यातली पोटाकडची पट्टी निखाऱ्यावर भाजून टॉर्टियात गुंडाळायची. आज तोच भाग मेन्यूवर महागातल्या पदार्थांत असतो. या जेवणाला त्याच्या स्वतःच्या घराण्याचा मान द्यायला हवा आणि त्याच मापाने ते जोखायला हवं.

आता हॉटेलांबद्दल. जुनी चव हवी असेल तर मोलिनाज. १९४१ पासून एकाच कुटुंबाकडे आहे आणि शहरातल्या सर्वांत जुन्या टेक्स-मेक्स घराण्यांत त्याची गणना होते. इथली एन्चिलाडा मला सव्वीसांत सगळ्यात समतोल वाटली. शिवाय होजेज डिप नावाचा प्रकार आहे : पातळ केलेल्या चीजमध्ये, म्हणजे केसोमध्ये, मसालेदार खिमा. दोघांत एक वाटी पुरते. जागा साधी, गोंगाट कमी, शेजारच्या टेबलावर बहुतेक वेळा आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खं कुटुंब.

पण मन रमलं ते नेव्हिगेशन बुलेव्हार्डवरच्या निनफाजमध्ये. निनफा लॉरेन्झो आणि त्यांच्या नवऱ्याचा तिथे टॉर्टियांचा कारखाना होता. नवरा गेल्यावर धंदा डबघाईला आला, तेव्हा १९७३ मध्ये या बाईंनी कारखान्याच्याच पुढच्या भागात दहा टेबलं टाकली आणि भाजलेल्या मांसाचे टाको (दुमडलेल्या टॉर्टियात भरलेले) विकायला सुरुवात केली. फहिता अमेरिकेत घरोघरी पोचला त्यात या दहा टेबलांचा वाटा मोठा आहे. पुढे हॉटेल कुटुंबाच्या हातून गेलं, पण मूळ जागा तिथेच आहे आणि टॉर्टिया अजून हाताने होतात. मी दर वेळी टेबल मिळेपर्यंत तिथेच उभा राहतो. टॉर्टिया करणारी बाई पिठाचा गोळा घेते, दोन बोटांनी दाबते, आखूड लाटण्याने चार फेऱ्या मारते आणि तव्यावर टाकते. पहिला फुगा आला की उलटते, दुसऱ्या बाजूला तपकिरी ठिपके पडले की फडक्यात गुंडाळते. डोळे मिटून पाहिलं असतं तर पोळ्यांच्या आवाजाने मी मिरजेच्या स्वयंपाकघरात पोचलो असतो. फरक एवढाच, की हा मैदा आहे आणि त्यात चरबीचं मोहन असतं, म्हणून ती पोळीपेक्षा जाड असूनही तोंडात विरघळते. सोबतचा हिरवा सॉस (अॅव्होकाडो आणि टोमॅटियो, म्हणजे टोमॅटोसारखं आंबट हिरवं फळ) मागून घ्या, संपला की पुन्हा मागा.

दिवाळीनंतर आई तीन महिन्यांसाठी आली आणि माझा सगळा शोध बदलला. आई शुद्ध शाकाहारी. हायवेलगतच्या एका मोठ्या हॉटेलात तिला घेऊन गेलो. नाव लिहीत नाही. अभिप्राय हजारोंनी, तारे साडेचार. ‘चीज एन्चिलाडात मांस आहे का?’ असं मी नीट विचारलं. वेटर हसून म्हणाला, ‘अजिबात नाही, नुसतं चीज.’ आईने अर्धी एन्चिलाडा खाल्ली. मग तिचा काटा थांबला. ग्रेव्ही बाजूला सारत तिने विचारलं, “हे बारीक बारीक काय आहे रे?” खिमा होता. मॅनेजर आला, म्हणाला, ग्रेव्हीत बीफ असतंच, ती आमच्याकडे तयार येते. आई काही बोलली नाही. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं. घरी येऊन तिने आंघोळ केली आणि देवापुढे बसली. रात्री मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, “त्या पोराने मुद्दाम नाही केलं. आत काय शिजतंय ते त्याला ठाऊकच नव्हतं.”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि तिथून पुढे मी हॉटेल जोखायची पद्धतच बदलली. बसल्याबरोबर एक प्रश्न विचारतो : बीन्समध्ये मान्तेका आहे का? मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घोटलेले बीन्स परंपरेने तिच्यातच परततात, त्यामुळे ‘हो’ हे उत्तर वाईट नाही. वाईट उत्तर म्हणजे ‘बहुतेक नाही’. जिथे रोज सकाळी बीन्स शिजत घालतात तिथल्या माणसाला हे क्षणात सांगता येतं. तुम्ही मांसाहारी असलात तरी विचारून बघा. माझा आठ महिन्यांचा अनुभव असा, की जिथे उत्तर चटकन आणि तपशिलात मिळालं तिथलं जेवण एकदाही फसलं नाही.

सर्वांत चांगलं उत्तर मिळालं ते शहराच्या पूर्व भागातल्या एका सात-आठ टेबलांच्या खानावळीत. गल्ल्यावरच्या बाईंनी आईकडे पाहिलं आणि बोटांवर मोजून सांगितलं : बीन्स तेलातले आहेत, खा. भातात कोंबडीचं पाणी आहे, तो नको. गव्हाच्या टॉर्टियात मान्तेका, मक्याच्या टॉर्टियात नाही. लाल ग्रेव्ही नको, हिरवा साल्सा चालेल. चारो बीन्सना हात लावू नका, बेकन आहे. आईला इंग्रजी जेमतेम आणि बाईंचं निम्मं बोलणं स्पॅनिशमध्ये, पण दोघींचं जमलं. ताटात आलं ते घोटलेले पिंटो बीन्स, भाजलेला कांदा, हिरवा साल्सा आणि फडक्यातल्या गरम टॉर्टिया. आईने तुकडा मोडून नाकाशी नेला आणि म्हणाली, “याला चुन्याचा वास येतोय.” बरोबर होतं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन मग दळतात. त्यानेच टॉर्टिया लवचिक होते आणि तिला तो वास येतो. माझी आजी पान लावायची तेव्हा डबीतून यायचा, तोच. पाकिटातल्या टॉर्टियांना तो मला क्वचितच जाणवला. परत जायच्या आधी आई त्या खानावळीत आणखी चार वेळा जेवली.

मध्ये एक शनिवार-रविवार सॅन अँटोनियोलाही जाऊन आलो, तीन तासांचा रस्ता. तिथल्या चौकांत एकोणिसाव्या शतकात बायका रात्री कंदील लावून चिली, म्हणजे मिरचीचा मांसाचा रस्सा, विकायच्या, त्यांना चिली क्वीन्स म्हणत. टेक्स-मेक्सची पाळंमुळं तिथे आहेत. मार्केट स्क्वेअरमधलं ‘मी तिएरा’ हे हॉटेल १९४१ चं, गर्दीचं, सजावटीने भरलेलं, आणि दारातच गोड पावांची बेकरी. पण सॅन अँटोनियोला जाऊन खायचा तो पफी टाको : मक्याच्या कच्च्या पिठाची टॉर्टिया थेट तेलात सोडून फुगवलेली, पुरीसारखी. तो जागेवरच खायचा, पाच मिनिटांत मऊ पडतो.

ताऱ्यांच्या अभिप्रायांबद्दल एवढंच म्हणेन : ते वाचताना शुक्रवार रात्रीचे वगळा. ते लोक मार्गारिटा, संगीत आणि अंगणातल्या खुर्च्यांना गुण देतात. मी आता ‘टॉर्टिया’, ‘ग्रेव्ही’ आणि ‘साल्सा’ हे शब्द असलेले अभिप्रायच शोधतो. आणि पहिल्यांदा जातो तो मंगळवार-बुधवारच्या दुपारी, बांधकामावरची माणसं जेवायला येतात त्या वेळेला. प्लेट मला साधारण चौदा-पंधरा डॉलरला पडते. टॉर्टियांचे चिप्स आणि साल्सा बहुतेक ठिकाणी फुकट येतात. चिप्स कोमट असतील आणि साल्सात भाजलेल्या मिरचीचे काळे कण दिसत असतील तर निर्धास्त मागवा. चिप्स गार आणि साल्सा केचपसारखा गोड असेल, तर मी पाणी पिऊन, टिप ठेवून उठतो. तीनदा असा उठलो आहे.

आई परत मिरजेला गेली. परवा फोनवर विचारत होती, मका भिजवायला चुना नेमका किती घालायचा. येत्या मंगळवारी खानावळीतल्या त्या बाईंना विचारून तिला कळवणार आहे.