मिशा नंतर येतात, मॅडम

थायलंडहून आलेल्या माशांचा थर्माकोलचा खोका उघडला, तर आत पिशवीभोवती बंगाली वर्तमानपत्र गुंडाळलेलं. माझं डोकं तिथेच ठिकाणावर यायला हवं होतं. पण चवथ आठवड्यावर आली होती, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं होतं, हॉलमधला दोन फुटी टँक महिनाभर नुसत्या पाण्याने भरून उभा होता आणि येणारा-जाणारा त्यात वाकून बघून "मासे कुठे आहेत?" विचारत होता. घाईत असलेल्या माणसाला फसवायला फार कष्ट पडत नाहीत.

मला हवे होते ग्लास कॅटफिश. पणजीला एका मैत्रिणीकडे पाहिले आणि तेव्हापासून डोक्यातून गेले नाहीत. मासा कसला, पाण्यात टांगलेला एक्स-रे. लांबीला आपल्या बोटाएवढा, अंगावर एक खवला नाही, मागची हिरवी पानं त्याच्यातून आरपार दिसतात. कणा, काटे सगळे मोजून घ्यावेत असे. पोटातलं सामान तेवढं डोक्यामागे एका चंदेरी पुरचुंडीत बांधलेलं. तोंडावर दोन लांब मिशा. सहा-सात जण एकाच दिशेला तोंड करून, शेपूट जराशी खाली सोडून, पाण्याच्या मध्यावर जागच्या जागी डुलत उभे. खिडकीतून उजेड आला की त्यांच्या अंगावरून इंद्रधनुष्य सरकून जायचं आणि पुन्हा सगळं काचेसारखं. हे इंद्रधनुष्य लक्षात ठेवा, त्याच्याच नावावर माझे पैसे गेले.

फोंड्यात दोन दुकानांत विचारलं. एकाला मासाच ठाऊक नव्हता. दुसरा म्हणाला, "बाय, पावसाळ्यात मी ते मागवत नाही. नाजूक जात, वाटेत मरतात. दिवाळीनंतर या." हा सरळ माणूस मला आवडला नाही. मला चवथीआधी हवे होते.

मग इन्स्टाग्रामवर तो सापडला. "रेनबो ग्लास कॅट, थायलंड इम्पोर्ट, लिमिटेड स्टॉक." फोटो अस्सल ग्लास कॅटफिशचे, मिशांसकट. फोनवर आवाज तरुण आणि अतिशय अदबशीर. टँक केवढा, फिल्टर कुठला, पाणी कुठलं, पीएच किती, सगळं त्याने आधी विचारलं. मी सांगितलं की नळाला ओप्याचं पाणी येतं, पण घरची विहीर आहे. तर म्हणाला, "विहिरीचंच घ्या मॅडम, जांभ्या दगडातलं पाणी मऊ असतं, थोडं आंबट असतं, ह्या माशाला तेच मानवतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो." पुढे म्हणाला, "सहापेक्षा कमी घेऊ नका. कळपाचा मासा आहे, एकटा पडला की खाणं सोडतो."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणून तर मी फसले. पीएच विचारणारा माणूस लबाड असेल असं मनातही येत नाही. मी चौदा वर्षं एका पतसंस्थेत व्हाउचर तपासते, खोटी सही मला लांबून कळते. पण व्हाउचर तपासताना मला काही हवं नसतं.

साडेतीनशेला एक, सहाचे २१००, पॅकिंग आणि बसचं भाडं ४००. सगळे आगाऊ. बिल मागितलं तर "पार्सलमध्ये टाकतो" म्हणाला. व्हिडिओ मागितला तर लगेच पाठवला, त्यातही अस्सल मासे डुलत होते. तो व्हिडिओ कधीचा, कुणाच्या टँकचा, हे विचारायचं सुचलंच नाही. आता कुणी विचारलं तर मी सांगते, विक्रेत्याला म्हणा, आजचा पेपर किंवा तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी टँकला लावून व्हिडिओ काढ. ज्याच्याकडे मासा आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम.

मुंबईहून रात्रीच्या बसने खोका निघाला. आमचे हे पहाटे पावसात गाडी काढून पणजीला गेले, बस दोन तास उशिरा आली, त्यामुळे परतताना त्यांचं तोंड कसं होतं ते सांगत नाही. अट अशी होती की पिशवी फोडण्याआधीपासून न कापलेला व्हिडिओ काढायचा आणि मासा मेलेला असला तर दोन तासांच्या आत कळवायचं. मी अगदी पंचनामा केल्यासारखा व्हिडिओ काढला. पाणी निळं होतं, औषध घातलेलं. त्यात मासे नीट दिसेनात, नुसते रंगीत ठिपके हलत होते. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं, मग सोडले.

सहाही जिवंत. आणि सहाही भलतेच. लांबट नव्हतेच मुळी, चापट आणि उंच, पापलेटचं इवलंसं पिल्लू असावं तसे. डोळे मोठे. पाठीवर एकामागोमाग दोन पर. पारदर्शक होते, नाही म्हणत नाही, पण पाठीच्या आणि पोटाच्या कडेने गुलाबी, हिरव्या, निळ्या झगझगीत रेघा, हायलायटर पेनने ओढल्यासारख्या. धाकटी टाळ्या पिटत होती. मी मिशा शोधत होते.

फोन केला. "मिशा नंतर येतात, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "हे बच्चे आहेत. पाण्यात सेट झाले की अंग लांबतं, मग मिशा फुटतात."

आणि मी विश्वास ठेवला. तीन दिवस रोज सकाळी चहाचा कप घेऊन मिशा आल्या का बघायची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मिशा यायला तो काय सोळा वर्षांचा होणार आहे?" त्यांनी आयुष्यभर मासळी विकत घेतली आहे. त्यांना विचारून पैसे भरले असते तर अडीच हजार वाचले असते. आपल्या शेंगाळ्याला मिशा असतात आणि त्या लहानपणापासून असतात, हे मासळी साफ करणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. मलाही होतं.

चौथ्या दिवशी एका माशाच्या परावर पांढरा उंचवटा दिसला, ओला रवा चिकटल्यासारखा. विक्रेत्याने औषधाचं नाव सांगितलं, वर मूठभर मीठ टाका म्हणाला. नशीब, मी आधी फोटो घेऊन फोंड्याच्या त्या दुसऱ्या दुकानदाराकडे गेले. त्याने फोटो मोठा करून बघितला. "बाय, हे कॅटफिश नव्हेत. ही आपली इंडियन ग्लासफिश. साधी असली तर मी तीस रुपयांना देतो. आणि ह्यांना सुया मारल्यात."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने समजावलं. जिवंत माशाच्या अंगात सुईने चकाकणारा रंग टोचतात, एकाच माशाला कितीतरी ठिकाणी. अंग पारदर्शक असल्यामुळे रंग आतून उजळतो. ह्यात बरेच मरतात, जगतात ते दुकानात येतात. जखमेतून रोग शिरतो, परावरचा तो रवा म्हणजे एक विषाणूचा आजार, लिम्फोसिस्टिस, टोचलेल्या माशांत तो जास्त दिसतो. त्यावर औषध नाही, पाणी स्वच्छ ठेवायचं आणि वाट बघायची. रंग काही महिन्यांत उडतो, तोवर विकणारा नंबर बदलून मोकळा. घरी येऊन सासूबाईंचं भिंग घेतलं आणि टँकच्या काचेला नाक लावून बसले. मासा कडेला आला की गुलाबी रेघेच्या टोकाशी एक बारीक खळी दिसे, भोवती पांढुरकी कड. मुलीला दाखवलं नाही.

रात्री मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, वाचलं. माझ्या टँकमधला मासा पॅरांबॅसिस रांगा, हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांच्या पुस्तकात नोंदवलेला. आपल्या देशात तळ्यांत, ओढ्यांत, भातशेतीच्या पाण्यात सापडतो. बंगाली वर्तमानपत्राचा उलगडा झाला. मी थायलंडचं भाडं भरून गंगेचा मासा आणला होता.

आणि मला जो हवा होता तो क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस. हा खरोखरच थायलंडचा. गंमत म्हणजे त्यालाही हे नाव २०१३ मध्ये मिळालं. तोवर जगभरचे लोक त्याला क्रिप्टोप्टेरस बायसिर्हिस म्हणून विकत होते, तो वेगळा, आकाराने मोठा आणि इतका काचेसारखा नसलेला मासा. तेव्हा दुकानात जुनं नाव लिहिलेलं दिसलं तर लगेच भांडू नका, ती सवय आहे. नावापेक्षा अंग बघा. दोन लांब मिशा. पाठीवर पर जवळपास नाहीच. पोटाखाली मात्र एक लांबलचक झालर, थेट शेपटीपर्यंत. खवले नाहीत, आणि म्हणूनच तांब्याची औषधं, मीठ ह्यांना सोसत नाही. म्हणजे मला खरे कॅटफिश मिळाले असते तर विक्रेत्याच्या मूठभर मिठाने त्यांचा निकाल लागायची भीती होती. त्याला तेवढंही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून काही वाटत नव्हतं.

इंद्रधनुष्याचं म्हणाल तर त्या माशाच्या कातडीत रंग नसतोच. उजेड त्याच्या स्नायूंच्या बारीक पट्ट्यांतून पलीकडे जाताना फुटतो आणि रंग दिसतात. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी हे नीट उलगडून दाखवलं. म्हणून मासा डुलला की रंग लुकलुकतात, मावळतात. रंग एकाच जागी ठाम बसलेला असेल, दिवा मालवल्यावरही तसाच असेल, तर ती शाई समजा. "रेनबो", "निऑन", "कँडी" असली विशेषणं ग्लास ह्या शब्दापुढे दिसली की मी आता पुढे जाते.

विक्रेत्याशी भांडणाचा भाग थोडक्यात. पहिल्या दिवशी मी "मॅडम" होते, वैज्ञानिक नाव विचारल्यावर "ताई" झाले, पैसे परत मागितल्यावर "मावशी". मी म्हटलं, तुझी गॅरंटी होती ना? तर म्हणतो, "मावशी, गॅरंटी मेलेल्या माशाची असते, जिवंत माशाची नाही." वाक्य इतकं बिनतोड होतं की मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी अचानक मऊ आला, पैसे परत करतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, अडीच हजार जमा होतील. मी फोन उघडून बसलेही होते. ह्यांनी मागून बघितलं आणि हातातून फोन काढूनच घेतला. पैसे घेताना पिन लागत नाही, पिन फक्त देताना लागतो. पतसंस्थेत ग्राहकांना हेच सांगणारा फलक माझ्या टेबलामागे लावलेला आहे.

त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासे खायचे की शोभेचे?" गोव्यात हा प्रश्न रास्त आहे. तक्रार नोंदली गेली, स्क्रीनशॉट दिले. ग्राहकांच्या १९१५ वरही कळवलं. पण माझ्याकडे बिल नाही, दुकानाचा पत्ता नाही, बँकेच्या लेखी पैसे मी राजीखुशीने दिलेले. पैसे आले नाहीत. लगेच, त्याच दिवशी फोन केला असता तर निदान काही हालचाल झाली असती. मी मिशांची वाट बघत बसले, त्यात ते दिवस गेले.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी रात्रभर वीज गेली, एअर पंप बंद पडला आणि दोन मासे सकाळी तळाशी होते. चार राहिले. परावरचा रवा हळूहळू आपोआप गळाला. डिसेंबरपर्यंत हिरवा रंग पूर्ण गेला, मग निळा, गुलाबीची एक पुसट रेघ अजून एकाच्या पाठीवर आहे. आता ते नितळ दिसतात आणि खरं सांगायचं तर सुंदर दिसतात. सुक्या दाण्यांना तोंड लावत नाहीत, त्यामुळे डासांच्या अळ्या पकडायला मी दर रविवारी विहिरीजवळच्या पिंपावर गाळणं घेऊन उभी असते.

दिवाळीनंतर फोंड्याच्या दुकानात खरे ग्लास कॅटफिश आले होते. दोनच उरले होते, म्हणून दुकानदाराने स्वतःच दिले नाहीत. "सहा येतील तेव्हा न्या." मी पंधरा मिनिटं त्यांच्या मिशा बघून आले.

घरी पाहुणे येतात, टँकपाशी थांबतात, हे कुठले मासे म्हणून विचारतात. मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून सांगतात, "थायलंडचे. मिशा यायच्या आहेत अजून."